स्कूबा डायव्हिंग आणि बोटीच्या पंख्यापासून सुरक्षितता

पाण्याखाली पाणबुडे उतरलेले असताना बोटीच्या फिरत्या पंख्यामुळे (प्रोपेलरमुळे) त्यांना इजा होऊ नये, यासाठी बोटचालक, मार्गदर्शक आणि स्वतः पाणबुडे यांनी पाळावयाचे नियम, वापरावयाच्या खुणा व साधने यांचा विचार या लेखात केला आहे. खोल पाण्यातील दाब, हवेचा तुटवडा किंवा जलचर यांच्यापासून असलेले धोके पाणबुड्याला प्रशिक्षणात सविस्तर शिकवले जातात. पंख्याचा धोका मात्र वेगळ्या जातीचा आहे. तो खोल पाण्यात नसून पृष्ठभागालगतच्या काही मीटरांत असतो आणि तो टाळणे बहुतांशी दुसऱ्याच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या हाती असते.

संज्ञा

'स्कूबा' हा शब्द 'सेल्फ-कन्टेन्ड अंडरवॉटर ब्रीदिंग ॲपरेटस' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून बनला आहे. पाठीवरच्या नळकांड्यातील हवेवर श्वास घेत पाण्याखाली वावरणे, असा त्याचा अर्थ. पाण्यात बुडी मारणाऱ्यासाठी मराठीत 'पाणबुड्या' हा जुना शब्द आहे. परंतु 'पाणबुडी' या युद्धनौकेचे अनेकवचनही 'पाणबुड्या' असेच होत असल्याने वर्तमानपत्रांतील मथळे वाचताना कधी कधी गंमत होते. या लेखात 'पाणबुड्या' हे माणसाचे एकवचन व 'पाणबुडे' हे त्याचे अनेकवचन समजावे. प्रोपेलरला किनाऱ्यावरील बोलीत 'पंखा' म्हणतात. तोच शब्द येथे वापरला आहे.

धोक्याचा थर

लहान बोटीचे आउटबोर्ड इंजिन पिछाडीला टांगलेले असते व त्याचा पंखा साधारणपणे पृष्ठभागाखाली अर्धा ते एक मीटर एवढ्या खोलीवर फिरतो. मोठ्या मासेमारी ट्रॉलरचा पंखा याहून खोल असतो. याचा अर्थ असा की दहा-पंधरा मीटर खाली पोहणाऱ्या पाणबुड्याच्या डोक्यावरून बोट गेली तरी त्याला काही होत नाही. संकट उभे राहते ते तो वर येऊ लागल्यावर.

पाणबुड्याने वेगाने वर येणे शरीराला घातक असते, म्हणून मिनिटाला सुमारे 9 मीटर किंवा त्याहून कमी वेगाने वर यावे असे आज बहुतेक ठिकाणी शिकवतात. त्याआधी सुमारे 5 मीटर खोलीवर तीन मिनिटे थांबण्याची प्रथा आहे. या वेगाने शेवटचे 3 मीटर चढण्यास 20 सेकंद लागतात. आता वरच्या बोटीचा हिशेब पाहावा. ताशी 20 सागरी मैल, म्हणजे ताशी सुमारे 37 किलोमीटर वेगाने येणारी बोट एका सेकंदात 10 मीटरांहून थोडे अधिक अंतर तोडते. तेव्हा त्याच 20 सेकंदांत ती 200 मीटर पुढे आलेली असते. पाण्याखालील दृश्यता उत्तम दिवशीही बहुतेक किनाऱ्यांवर वीस मीटरांच्या आसपासच राहते. वर येण्यापूर्वी पाणबुड्याने चौफेर पाहिले आणि त्याला एकही बोट दिसली नाही, तरी तेवढ्यावरून फार काही सिद्ध होत नाही. वीस मीटर अंतर कापायला या बोटीला दोन सेकंद पुरतात.

बोटचालकाच्या बाजूनेही परिस्थिती सोपी नसते. पृष्ठभागावर आलेल्या पाणबुड्याचे फक्त डोके दिसते, तेही ओले, बहुधा काळ्या टोपीतले, आणि लाटांच्या खळग्यात मधूनमधून नाहीसे होणारे. नारळाएवढी ती वस्तू सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पाण्याच्या चकाकीत हरवते. शिवाय बोट वेग घेऊ लागते तेव्हा तिचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि चालकासमोरचे पाणी काही काळ त्याला दिसेनासे होते.

वर येण्याचे टाळणे पाणबुड्याला नेहमी शक्य असतेच असे नाही. हवा संपत आली असेल, जोडीदाराला त्रास होत असेल किंवा प्रवाहाने ओढून नेले असेल, तर ठरलेल्या जागेपासून दूर, अनपेक्षित ठिकाणी वर यावे लागते. सुरक्षिततेची व्यवस्था अशा वेळीही उपयोगी पडेल अशी असावी लागते.

पाण्याखालील आवाज

इंजिनाचा आवाज ऐकून पाणबुड्याने बाजूला व्हावे, असे किनाऱ्यावरच्या माणसाला सहज वाटते. हा समज चुकीचा आहे. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर असतो. समुद्राच्या पाण्यात तो सुमारे 1500 मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक होतो. आवाज उजवीकडून आला की डावीकडून, हे आपला मेंदू मुख्यतः दोन कानांवर तो पोहोचण्यातील सूक्ष्म कालांतरावरून ओळखतो. पाण्यात हे कालांतर चौथ्या हिश्श्याहूनही कमी होते. त्यातच ध्वनी कवटीच्या हाडांतून थेट अंतःकर्णापर्यंत पोहोचतो. परिणामी इंजिनाची घरघर चारी बाजूंनी एकाच वेळी येत असल्यासारखी भासते. बोट आहे एवढे कळते. ती कोठे आहे, जवळ येते आहे की लांब जाते आहे, याचा भरवसा देता येत नाही. जवळच स्वतःच्या बोटीचे इंजिन चालू असेल तर दुसऱ्या बोटीचा आवाज त्यात पूर्णपणे बुडून जातो.

म्हणून आवाज ऐकल्यावर अंदाजाने एखाद्या दिशेला पोहू नये, असे शिकवले जाते. चढणे थांबवावे, शक्य असेल तर 5 मीटर किंवा अधिक खोलीवर राहावे, आणि आवाज पूर्ण ओसरल्यावर एक हात डोक्यावर धरून, सभोवार वळून पाहत सावकाश वर यावे. पृष्ठभागावर आल्यावर पुन्हा एकदा पूर्ण वर्तुळात पाहावे.

पंख्याचा आघात

आउटबोर्ड इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल आणि त्याच्या दंतचक्रांनी तो वेग निम्मा होत असेल, तर पंखा मिनिटाला 3000, म्हणजे सेकंदाला 50 वेळा फिरतो. पंख्याला तीन पाती असल्यास एका सेकंदात 150 पाती एका जागेवरून जातात. पंख्याचा व्यास 33 सेंटिमीटर धरल्यास पात्याच्या टोकाचा वेग ताशी 180 किलोमीटरांच्या पुढे जातो. अशा आघाताने शरीरावर समांतर, खोल चिरा पडतात. हाडे तुटतात आणि रक्तस्राव अतिशय वेगाने होतो.

मंद वेगातील पंखा निरुपद्रवी असतो, हाही गैरसमज आहे. गिअर टाकलेले इंजिन अगदी संथ, मिनिटाला 700 फेऱ्यांनी चालत असले तरी याच हिशेबाने सेकंदाला सतरा-अठरा पाती फिरतात. मागे जाणारी बोट विशेष धोकादायक ठरते. उलट्या गिअरमध्ये पंखा पिछाडीकडील पाणी आपल्याकडे ओढून पुढे फेकतो. आणि पाणबुड्यांची शिडी बहुतेक बोटींवर पिछाडीलाच असते. काही बोटींत न्यूट्रल स्थितीतही पंखा हळूहळू फिरत राहतो. त्यामुळे पाणबुडे शिडीजवळ असताना गिअर काढणे पुरेसे न मानता इंजिन बंद करणे अधिक सुरक्षित समजले जाते.

ध्वज आणि खुणा

पाण्याखाली माणसे आहेत हे वरून जाणाऱ्याला कळावे, यासाठी दोन ध्वज प्रचलित आहेत. ते दिसायला वेगळे आहेत आणि त्यांचा अर्थही नेमका एकच नाही; सर्वसाधारण माहितीपत्रकांत मात्र हा फरक बहुधा गाळला जातो.

पहिला ध्वज आंतरराष्ट्रीय संकेतावलीतील 'ए' अक्षराचा, ज्याला अल्फा ध्वज म्हणतात. काठीकडचा भाग पांढरा, बाहेरचा भाग निळा, आणि बाहेरची कड माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली. 'माझा पाणबुड्या पाण्याखाली आहे. मंद वेगाने आणि दूर राहून जा' असा त्याचा अर्थ. 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी टक्कर-प्रतिबंधक नियमावलीतील 27 व्या नियमानुसार, डायव्हिंगच्या कामात गुंतलेल्या आणि नेहमीची सर्व चिन्हे लावणे शक्य नसलेल्या लहान नौकेने या ध्वजाची किमान 1 मीटर उंचीची ताठ प्रतिकृती चारी बाजूंनी दिसेल अशी लावावयाची असते. ताठ असण्याचा आग्रह अकारण नाही. वारा पडला की कापडी ध्वज काठीला चिकटून लोंबतो आणि त्यावर काय रंगवले आहे ते कुणालाच दिसत नाही. रात्री याच नौकेने एकाखाली एक लाल, पांढरा, लाल असे तीन दिवे लावावयाचे असतात. हा ध्वज मुळात नौकेविषयी बोलतो: मी जागेवरून सहज हलू शकत नाही, तुम्ही वळसा घाला.

दुसरा ध्वज लाल रंगाचा असून त्यावर वरच्या काठीकडील कोपऱ्यापासून खालच्या बाहेरील कोपऱ्यापर्यंत तिरका पांढरा पट्टा असतो. तो अमेरिकेतील मिशिगन राज्यात डेन्झेल डॉकरी यांनी 1956 मध्ये तयार केला आणि पुढे तेथील डायव्हिंग व्यवसायातून तो सर्वत्र पसरला. हा ध्वज पाणबुड्याविषयी बोलतो, म्हणून तो बोटीप्रमाणेच पाणबुड्याने दोरीने ओढत नेलेल्या तरंगत्या बोयावरही लावतात.

ध्वजाला कायद्याचा आधार कसा देता येतो, याचे फ्लोरिडा हे चांगले उदाहरण आहे. तेथे मोकळ्या पाण्यात लाल-पांढऱ्या ध्वजापासून 300 फूट (सुमारे 91 मीटर) आणि नदी, खाडीचे मुख किंवा जलमार्ग यांत 100 फूट (सुमारे 30 मीटर) दूर राहण्याचा वाजवी प्रयत्न बोटचालकाने करावयाचा असतो. त्याहून जवळ जावे लागल्यास सुकाणू लागू राहील एवढाच वेग ठेवावयाचा असतो. पाणबुड्यांवरही तेवढ्याच अंतरात राहण्याचे बंधन आहे. बोटीवरील ध्वज किमान 20 बाय 24 इंच व बोयावरील 12 बाय 12 इंच असावा लागतो. पाण्यात कोणी नसताना मात्र तो फडकवता येत नाही. या शेवटच्या अटीला विशेष महत्त्व आहे. बंदरात उभ्या असलेल्या बोटीवर दिवसरात्र डायव्हिंगचा ध्वज शोभेसाठी लावून ठेवला की त्या ध्वजाकडे दुर्लक्ष करण्याची सवय इतर चालकांना लागते, आणि ती सवय एखाद्या दिवशी जिवावर बेतते.

ध्वज हा शेवटी एक करार आहे. चालकाला त्याचा अर्थ माहीत नसेल किंवा पाणबुडे ध्वजापासून दोनशे मीटर दूर वर येत असतील, तर तो करार मोडतो.

पृष्ठखूण बोया

प्रवाहाबरोबर वाहत जाणाऱ्या डायव्हिंगमध्ये नांगरलेल्या बोटीचा ध्वज उपयोगी पडत नाही, कारण पाणबुडे तासाभरात पार दुसरीकडे गेलेले असतात. अशा वेळी पृष्ठखूण बोया वापरतात. नारिंगी किंवा लाल रंगाची, माणसाच्या उंचीएवढी लांब, फुगवता येणारी ही नळी गुंडाळून खिशात ठेवतात. वर येण्यापूर्वी पाणबुड्या ती पाण्याखालीच थोडी फुगवून रिळाच्या दोरीवर वर सोडतो. 10 मीटर खोलीवर भरलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत आकारमानाने दुप्पट होते; म्हणून नळी पूर्ण फुगवण्याची गरज नसते. दोरी शरीराला किंवा उपकरणाला कधीही बांधू नये. वरून जाणाऱ्या बोटीच्या पंख्यात ती गुंतल्यास पाणबुड्या वर खेचला जातो. हातातले रीळ मात्र सोडून देता येते.

पूर्वी अनुभवी बोटचालक पाण्यावर फुटणाऱ्या बुडबुड्यांवरून माणसांचा माग ठेवत, आजही ठेवतात. पण तो माग कच्चा असतो. 18 मीटर खोलीवरून वर यायला बुडबुड्यांना मिनिटभर लागू शकते. पाणबुड्या खडकाशी एका जागी थांबला असेल आणि प्रवाह सेकंदाला अर्धा मीटर असेल, तर बुडबुडे त्याच्यापासून 30 मीटर दूर फुटतात. लाटा असल्या की ते दिसतही नाहीत.

बोटीवरील शिस्त

पाणबुडे उतरण्यापूर्वी व चढल्यानंतर त्यांची नावानिशी मोजदाद करणे आणि शेवटचा माणूस वर आल्याची खात्री होईपर्यंत गिअर न टाकणे, हा सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त नियम आहे. बोटीवर चालकाखेरीज केवळ पाण्याकडे पाहणारा एक तरी माणूस असावा. टक्कर-प्रतिबंधक नियमावलीचा पाचवा नियम तर प्रत्येक नौकेला डोळे आणि कान उघडे ठेवून सतत पहारा ठेवण्यास सांगतो. त्यातून कोणीही सुटत नाही.

वाहत आलेल्या पाणबुड्यांना उचलताना बोट त्यांच्या अंगावर न नेता काही अंतरावर थांबवावी, पंखा थांबवावा आणि मग त्यांना पोहत येण्याची खूण करावी. तोपर्यंत पाणबुड्यांनी एकत्र, बोया मध्ये धरून तरंगत राहावे. शिडीवर एक जण असताना दुसऱ्याने तिच्याखाली थांबू नये. पंखा बंद असला तरी लाटेवर वर-खाली होणारी पिछाडी डोक्यावर आदळू शकते. पृष्ठभागावरून 'मी ठीक आहे' हे दोन्ही हातांनी डोक्यावर वर्तुळ करून सांगतात. एक हात उंच हलवणे ही मदतीची हाक समजली जाते. त्यामुळे ओळखीच्या बोटीला उगाच हात हलवला तर ती घाईने जवळ येण्याची शक्यता असते.

कोझुमेल येथील अपघात

पंख्याच्या धोक्याकडे जगाचे लक्ष वेधणारी घटना 18 डिसेंबर 2000 रोजी मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाजवळ घडली. ब्रिटिश गायिका कर्स्टी मॅक्कॉल (जन्म 10 ऑक्टोबर 1959) या आपल्या दोन मुलांसह आणि स्थानिक मार्गदर्शकासह चान्कानाब येथील प्रवाळखडकावर डायव्हिंगसाठी गेल्या होत्या. 1987 मधील 'फेअरीटेल ऑफ न्यू यॉर्क' या 'द पोग्ज' या वाद्यवृंदाच्या गीतातील त्यांचा आवाज इंग्रजी श्रोत्यांना नाताळच्या दिवसांत आजही हटकून ऐकू येतो. ज्या पाण्यात ते उतरले, तेथे मोटारबोटींना बंदी होती. पाणबुडे वर येत असताना एक वेगवान बोट त्या क्षेत्रात शिरली. मोठा मुलगा बोटीच्या मार्गात असल्याचे पाहून मॅक्कॉल यांनी त्याला बाजूला ढकलले. त्याला किरकोळ दुखापत झाली. त्या स्वतः बोटीखाली सापडून जागीच मरण पावल्या. त्यांचे वय 41 वर्षांचे होते.

बोट मेक्सिकोतील एका बड्या उद्योगपतीची होती व तो कुटुंबीयांसह तीवर होता. बोट आपण चालवत होतो असे त्याच्या एका कर्मचाऱ्याने सांगितले. बोटीचा वेग किती होता आणि सुकाणूवर नेमके कोण होते, याविषयी साक्षीदारांचे म्हणणे वेगळे होते. कर्मचाऱ्याला निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत ठरल्याबद्दल 2 वर्षे 10 महिन्यांची शिक्षा झाली. परंतु सुमारे हजार पेसोंचा दंड भरून त्याला तुरुंगवास टाळता आला. मॅक्कॉल यांच्या आई, नृत्यदिग्दर्शिका जीन न्यूलव्ह यांनी 'जस्टिस फॉर कर्स्टी' ही मोहीम अनेक वर्षे चालवली. आणखी काही निष्पन्न होण्याची आशा नसल्याने 2009 मध्ये ती थांबवण्यात आली.

या घटनेत पाणबुड्यांकडून कोणती चूक झाली, असे विचारले तर उत्तर देणे कठीण आहे. सोबत मार्गदर्शक होता आणि क्षेत्रही बोटींसाठी बंद होते. नकाशावरची बंदी पाण्यावर दिसत नाही. तिच्या कडेला बोये आणि गस्तीची नौका असेल तरच ती चालकाला जाणवते.

पंख्याचे आवरण आणि वाद

पंख्याभोवती कडे किंवा जाळी का बसवत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. अशी आवरणे उपलब्ध आहेत आणि संथ चालणाऱ्या बचावनौका व प्रशिक्षणनौकांवर ती वापरली जातात. आक्षेप असा घेतला जातो की वेगात आवरणामुळे पाण्याचा विरोध वाढतो, बोटीच्या ताब्यावर परिणाम होतो आणि पात्यांच्या चिरांऐवजी जाळीचा बोथट आघातही जीवघेणा ठरू शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने 1990 मध्ये आवरणे सक्तीची न करण्याचा निर्णय घेतला. तरीही उत्पादकावर नुकसानभरपाईचा दावा करता येतो का, हा मुद्दा 'स्प्रिट्स्मा विरुद्ध मर्क्युरी मरीन' या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पाण्यात पडलेल्या प्रवासी स्त्रीचा पंख्याने मृत्यू झाल्याचे ते प्रकरण होते. सक्ती न करणे म्हणजे दाव्यांना मनाई करणे नव्हे, असा एकमुखी निर्णय न्यायालयाने डिसेंबर 2002 मध्ये दिला.

वेगवान बोटीच्या बाबतीत वरील आक्षेपात तथ्य आहे. पण पाणबुडे वाहणाऱ्या बोटीच्या पंख्याशी माणसांचा सर्वाधिक संबंध ती जवळजवळ थांबलेली असताना येतो, आणि तेथे हा युक्तिवाद दुबळा पडतो. जेट पद्धतीच्या बोटीत बाहेर पंखाच नसतो. ती महाग पडते एवढेच. चालक पाण्यात पडल्यास इंजिन आपोआप बंद करणारी दोरी, म्हणजे किल-स्विच, अमेरिकेत 26 फुटांपेक्षा लहान अशा बहुतेक मोटारबोटींवर वेगात असताना 1 एप्रिल 2021 पासून वापरणे बंधनकारक आहे. चालकाविना गोल फिरणारी बोट पाण्यातील माणसांवर परत येते, हे त्यामागचे कारण होय.

महाराष्ट्र आणि गोवा

महाराष्ट्रात डायव्हिंग मुख्यतः सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण व तारकर्ली परिसरात चालते. तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. गोव्यात ग्रँड आयलंडच्या परिसरात पर्यटक डायव्हिंगसाठी जातात. पावसाळ्यात हा व्यवसाय बंद असतो.

येथे येणारे बहुसंख्य पर्यटक प्रशिक्षित नसतात. मार्गदर्शकाचा हात धरून काही मीटर खोलीवर थोडा वेळ उतरणे, एवढाच त्यांचा कार्यक्रम असतो. प्रशिक्षित पाणबुड्या धोक्याच्या थरातून काही मिनिटांत पार होतो. हौशी पर्यटकाची मात्र संपूर्ण बुडी त्या थराला लागूनच होते. त्याला खुणा माहीत नसतात, आवाज ऐकून काय करायचे ते माहीत नसते, आणि घाबरला तर तो सरळ वर येऊ पाहतो. मालवणच्या पाण्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रवासी होड्या, मासेमारीच्या बोटी आणि जलक्रीडेच्या वेगवान बोटी यांचीही ये-जा असते. अशा ठिकाणी पर्यटकाने बोटीत बसण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: ध्वज कोठे लावणार, आम्ही पाण्यात असताना इंजिन बंद राहणार का, आणि बोटीवर पहाऱ्याला कोण थांबणार.

जखमीला मदत

पंख्याने जखम झाल्यास प्रथम सर्व बोटींची इंजिने बंद करावीत व जखमीला पाण्याबाहेर घ्यावे. रक्तस्राव थांबवणे हे पहिले काम असते. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, रुंद पट्टी आवळून बांधावी व बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. ती पट्टी रुग्णालयात पोहोचेपर्यंत सैल करू नये. पाणबुड्या घाईने वर आला असल्यास त्याला प्राणवायू द्यावा आणि तो किती खोलीवर, किती वेळ होता ते डॉक्टरांना सांगावे. समुद्राच्या पाण्यामुळे जखमेत जंतुसंसर्ग होण्याची शक्यता असल्याने लहान दिसणारी चीरही डॉक्टरांना दाखवावी लागते. भारतात समुद्रावरील मदतीसाठी तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक आहे आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108.